सोळा अंशांचा तहनामा

धरणीस ज्वर चढला, समुद्र पायरी सोडून लोकांच्या अंगणात येऊ लागला, आणि ऋतूंनी आपले वेळापत्रक गुंडाळून माळ्यावर टाकिले, त्या काळी एका विधी महाविद्यालयाच्या तळमजल्यावरील थंड दालनात जी थोर मोहीम जाहली तिची हकीकत पुढील लोकांस ठाऊक असावी, कोणी पदरचे घालू नये आणि कोणी सोयीचे तेवढेच ठेवू नये, याकरिता हे लिहून ठेविले आहे. या मोहिमेत शूर आहेत, मुत्सद्दी आहेत, शब्दास शब्द भिडविणारे पंडित तर पैशाला पासरी आहेत. रक्ताचा थेंब सांडला नाही. घाम सांडला, तो कोणाचा हे यथावकाश येईल.

त्या दालनात हवामान बदलाचा कायदा, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही स्तरांवरचा, शिकविला जात असे. दालनास मोठाल्या खिडक्या होत्या, परंतु शीतयंत्र, ज्यास रयत एसी म्हणते, ते बसवितेसमयी खिडक्यांस खिळे ठोकिले, आणि यंत्राचा आकडा सोळा अंशांवर ठेविला, तो कोणी ठेविला आणि कोणाच्या हुकुमाने ठेविला याचा दाखला दप्तरी नाही. मग वाऱ्याच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांनी स्वेटर घालावे, मफलर गुंडाळावे आणि पृथ्वी तापते कैसी हे कुडकुडत लिहून घ्यावे, आणि बोटे बधिर जाहली म्हणजे मांडीखाली घालून ऊब द्यावी आणि पुन्हा लिहावे, ऐसा शिरस्ता होता. विषयाचे खावंद प्राध्यापक मोठे मातबर. पृथ्वीच्या रक्षणार्थ भरलेल्या इतक्या परिषदांस ते विमानाने जाऊन आले होते की विद्यार्थ्यांनी त्यांस विमानगुरू ऐसा किताब दिधला होता, आणि तो त्यांच्या कानी गेला तेव्हा त्यांनी तो गौरव समजून ठेवून घेतला.

गुरूंच्या फौजेत अव्वल गडी एकच. या गड्यास कोणी वेळ विचारली तरी ते आधी वेळेची व्याख्या कोणत्या कलमात आहे ते सांगत आणि मग मनगट पाहत, म्हणोन सोबत्यांत त्यांचे नाव कलमबहाद्दर पडले. त्या साली गुरूंनी जाहीर केले होते की, वर्गातील एकास आपण पुढल्या खऱ्या परिषदेस निरीक्षक म्हणून समागमे नेऊ. तेव्हापासून कलमबहाद्दर यांची झोप उडाली, आणि जी थोडी लागे तीतही त्यांच्या गळ्यात परिषदेची ओळखपट्टी लोंबकळत असे.

आता मोहिमेचे कारण सांगतो. दालनाच्या मागील भिंतीस लागून एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडल्या अंगास कलमबहाद्दर यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, झेरॉक्सचे दुकान. एक यंत्र, एक स्टूल, कागदांचे गठ्ठे आणि उभे राहण्यापुरते एक गिऱ्हाईक, एवढाच त्या गढीचा विस्तार. परंतु आई गेल्यावर ताईंनी याच गढीतून भावाचे सगळे शिक्षण केले आणि त्याची पुस्तके याच यंत्रावर फुकट छापून दिली. शीतयंत्राचा बाहेरला डबा बोळातल्या भिंतीवर, नेमका या दुकानाच्या तोंडासमोर. आत जितका गारवा शिरे तितकी झळ बाहेर पडे, हा सृष्टीचा कायदा, त्यास अपील नाही. मग एकीकडून झेरॉक्सचे यंत्र भाजून काढी आणि दुसरीकडून डबा भाजून काढी, आणि मधोमध ताई बसत. त्यांस घेरी येऊ लागली, आणि डॉक्टरांनी निकाल दिला की, एक तर डबा हलवा, नाही तर तुम्ही हला. ताई हलत्या तर कोठे हलत्या? गिऱ्हाईक अवघे कॉलेजचे. बोळ सुटला की दुकान सुटले.

तेव्हा एके दिवशी ताईंनी पदराने मान पुसत भावास बोलाविले आणि सांगितले, "तू एवढा कायदा शिकतोयस ना राजा, तर त्या डब्याचं तोंड तेवढं फिरवून दे. मला बाकी काही नको."

हे ऐकून कलमबहाद्दर यांस स्फुरण चढले. त्यांनी प्रथम राष्ट्रीय स्तरावर मोहीम काढिली, म्हणजे महाविद्यालयाच्या हेडक्लार्कांवर चालून गेले. समागमे अर्जदास्त होती, ती ऐसी लांबलचक की तीत जगण्याच्या हक्कापासून प्रारंभ होऊन, जो घाण करील तो भरील हे तत्त्व, आणि हानी होण्याआधी खबरदारी घ्यावी हे तत्त्व, आणि पुढल्या पिढ्यांचे देणे हे तत्त्व, येणेप्रमाणे तत्त्वांचा तोफखाना ओळीने लाविला होता, आणि डबा हा शब्द शेवटल्या पानावर एकदा आला होता. हेडक्लार्कांनी शेवटले पान आधी वाचिले, कारण त्यांची हयात अर्ज वाचण्यात गेली होती, आणि निर्णय दिला की, डबा भिंतीवर आहे तोवर तो महाविद्यालयाचा खरा, परंतु त्यातून निघालेली हवा भिंत सोडून बोळात गेली की ती महाविद्यालयाची राहत नाही, सबब त्या हवेविषयी अर्ज घेण्यास हे दप्तर मुखत्यार नाही. मग चष्मा काढून हलक्या आवाजात सुचविले की, डब्यापुढे वाकडा पत्रा लावून घ्यावा, झळ वर निघून जाईल, आणि आपण तो पत्रा पाहिलाच नाही ऐसे समजू.

दुसरा कोणी असता तर पत्रा आणावयास धावता. परंतु कलमबहाद्दर यांस पत्र्याचा अपमान वाटला. पत्रा लाविल्याने ताईंची झळ जाईल, परंतु तत्त्व प्रस्थापित होणार नाही, पायंडा पडणार नाही, आणि पत्र्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही, ऐसा त्यांनी विचार केला. उलट ते आनंदित जाहले, कारण एका मुलुखाची हवा दुसऱ्या मुलुखात जाऊन हानी करिते म्हणजे हा तर सीमापार मामला. राष्ट्रीय स्तर संपला आणि आंतरराष्ट्रीय स्तर लागला, अभ्यासक्रमाच्या अनुक्रमाप्रमाणेच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते येथून सुरू जाहले.

प्रकरण विमानगुरूंच्या हुजुरात गेले तेव्हा गुरूंनी टेबलावर हात मारिला. इतके दिवस ते वर्गास परिषदेचा सराव द्यावा म्हणत होते आणि विषय सापडत नव्हता. त्यांनी तत्काळ फर्मान काढिले की, हे दालन म्हणजे पृथ्वी समजावी, प्रत्येक बाक म्हणजे एक राष्ट्र समजावे, आणि शीतयंत्राविषयी सर्वांची संमती होऊन तहनामा लिहिला जावा. तोवर यथास्थिती राखावी, म्हणजे यंत्राचा आकडा कोणी हलवू नये. आणि यंत्राचा रिमोट तटस्थ चिटणिसाच्या ताब्यात असावा. चिटणीस म्हणोन कलमबहाद्दर यांची नामजादगी जाहली. त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी घेतला, कपाळास लाविला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेविला. बटण दाबण्यास आता अवघ्या पृथ्वीवर तोच एक पुरुष समर्थ होता, आणि बटण न दाबणे हेच त्याचे पद होते.

मग मोर्चे बांधिले गेले. यंत्राखालील बाकांचा सरदार एक धष्टपुष्ट विद्यार्थी होता, तो उकाड्यास ऐसा भिई की त्यास सगळे गारेगार म्हणत. कोपऱ्यातील बाकांवर यंत्राचा वारा पोचत नसे, तेथील सरदारकी एका काकूंकडे होती. त्या मुले मोठी जाहल्यावर कायदा शिकावयास आल्या होत्या आणि घरात तीन जावा सांभाळिल्याकारणे कोणत्याही तहास भीत नव्हत्या. गारेगार यांनी प्रस्ताव मांडिला की, पृथ्वीची दशा पाहता सर्वांनी सारखीच झीज सोसावी. त्यावर काकू उठल्या आणि म्हणाल्या, "दोन सत्रं तुम्ही गारवा खाल्लात, आम्ही कोपऱ्यात घामाघूम. आता आमची पाळी आली तर तुम्हाला पृथ्वी आठवली होय?"

कोपऱ्याने बाके बडविली. गुरूंच्या डोळ्यांस पाणी आले. जबाबदारी सर्वांची समान परंतु वाटा ज्याचा त्याचा निराळा, हे तत्त्व ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत होते, ते आज जिवंत होऊन बाके बडवीत होते. मग तकरारीस तकरार भिडली. यंत्र बंद करावे ऐसा मजकूर आला, तो कंसात गेला, म्हणजे वादाचा ठरून लटकत राहिला. टप्प्याटप्प्याने बंद करावे ऐसा आला, तोही कंसात गेला. टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा यत्न करावा, परिस्थिती अनुकूल असल्यास, ऐसा आला, त्यातील टप्प्याटप्प्याने एवढे बाहेर राहिले आणि बाकी कंसात गेले. गारेगार यांनी त्याहून मोठी मसलत केली. वर्गास गैरहजर राहणाऱ्यांचा गारवा वाया जातो, म्हणोन त्यांनी तो त्यांजकडून आपल्या नावे लिहून घेतला, आणि हिशेब मांडून सिद्ध केले की आपण यंत्राच्या अगदी खाली बसतो खरे, परंतु कागदोपत्री आपण गारवा घेतच नाही. हा डाव पाहून गुरूंनी त्यांस जादा गुण दिले.

बोळातल्या दुकानाचा विषय एकदाच निघाला, तोही कलमबहाद्दर यांनीच भीत भीत काढिला. परिषदेने त्याची गंभीर दखल घेतली आणि नुकसानभरपाईचा निधी स्थापिला. निधीत काय घालावे यावर बहुत वेळ गेला, आणि अखेर गारेगार यांनी आपल्या आत्याकडील जुना टेबलफॅन देण्याचे वचन दिधले, आत्या हो म्हणाली तर आणि फॅन चालत असला तर. टाळ्या जाहल्या. आत्यास विचारावयाचे काम एका उपसमितीकडे गेले आणि ते घोंगडे तेथे भिजत पडले.

इतक्यात गुरूंस परमुलखातून एका परिषदेचे बोलावणे आले आणि ते विमानाने रवाना जाहले. सभा तहकूब जाहली, वर्गास सुटी लागली, राष्ट्रे आपापल्या घरी गेली. परंतु यथास्थितीचे फर्मान कायम होते. कलमबहाद्दर यांनी त्याचा अर्थ पुनःपुन्हा लाविला आणि प्रत्येक वेळी तो एकच लागला की, यंत्र चालू आहे ते चालूच राहावे, बंद केले तर एका पक्षास झुकते माप दिल्यासारखे होईल. मग ते रोज येत, रिकाम्या दालनाचे कुलूप काढीत, आकडा सोळावर आहे याची खातरजमा करीत, थंड बाकांवर नजर टाकीत, आणि कुलूप लावून जात. आत चिटपाखरू नव्हते. यंत्र घरघरत होते, आणि डबा बोळात आग ओकत होता.

ऐशा एका दुपारी ते कुलूप लावीत असता बोळातून हाक आली. बोळाच्या तोंडाशी एक बुकबाईंडर बसे, तो हाक मारीत होता. कलमबहाद्दर धावत गेले तो ताई कागदांच्या गठ्ठ्यास टेकून खाली बसलेल्या, तोंड पांढरेफटक, आणि बुकबाईंडर त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारतो आहे. भाऊ गठ्ठे ओलांडून त्यांच्यापाशी बसला. लहानपणी आई गेली त्या दिवशी तो ऐसा भ्याला होता, त्यानंतर आज. त्याने ताईंचा हात धरिला, तो घामाने भिजून थंड पडला होता. घोटभर पाणी पोटात गेल्यावर ताईंनी डोळे उघडले आणि आधी डब्याकडे पाहिले.

"आत वर्ग चालू आहे का रे?" ताईंनी विचारले.

"नाही. सुटी आहे."

"मग कोण बसलंय आत?"

"कोणी नाही."

ताईंस वाटले आपणच घेरीत काही चुकीचे ऐकिले. मग कलमबहाद्दर यांनी यथास्थिती म्हणजे काय, चिटणीस तटस्थ का असतो, आणि रिमोट आपल्या खिशात असूनही आपल्या हातात का नाही, हे सगळे समजावून सांगितले, आणि सांगता सांगता त्यांचा हात आतल्या खिशावर गेला आणि तेथेच राहिला. अंगठ्यास बटण लागत होते. एकदा दाबावे ऐसे मनात आले, खरेच आले. परंतु त्याबरोबर हेही आले की गुरू परत आल्यावर विचारतील, आणि निरीक्षकाची जागा गारेगारास जाईल. ताईंनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि बुकबाईंडरास म्हणाल्या की, जरा शटर अर्धं खाली ओढा, झळ लागते. त्या बरं म्हणण्याने कलमबहाद्दर यांचे जेवण तुटले, परंतु रिमोट खिशातून निघाला नाही, हे लिहिणे प्राप्त आहे.

पुढे गुरू परतले. त्यांनी रिकाम्या दालनात राखलेल्या यथास्थितीची हकीकत ऐकिली तेव्हा चिटणिसाची पाठ थोपटली आणि भर वर्गात म्हणाले की, असा निःस्पृह सचिव खऱ्या परिषदांसही मिळत नाही. मग निर्णायक बैठक बसली, ती ऐसी रंगली की चहा आला आणि निवून गेला, घंटा जाहली आणि कोणी उठले नाही, शब्द कंसातून सुटले आणि नवे शब्द कंसात पडले, आणि गारेगार दोनदा रुसून बाहेर गेले आणि बाहेर उकडते म्हणोन दोनदा आत आले. काकूंनी अखेरपर्यंत दाद दिली नाही. त्यांची शर्त एकच, समन्याय पाहिजे. आणि समन्याय म्हणजे जो गारवा त्या बाकांस तोच या कोपऱ्यास. हे कबूल जाहले तेव्हा दोन्ही सरदारांनी हात मिळविले आणि सर्व राष्ट्रे उभी राहिली.

तहनाम्यातील मजकूर येणेप्रमाणे. यंत्राचा आकडा चोवीस अंशांवर नेणे हे सर्वांचे सामायिक ध्येय राहील. ते ध्येय पुढल्याच्या पुढल्या वर्षाअखेर गाठण्याचा यत्न ज्याने त्याने आपखुशीने करावा. तोवर आकडा सोळा राहील. समन्यायार्थ कोपऱ्यात दुसरे यंत्र बसविले जाईल, त्यासही हेच ध्येय लागू राहील. बोळातील हानीविषयी परिषद तीव्र चिंता व्यक्त करिते. पुढल्याच्या पुढल्या वर्षी या वर्गातील एकही जण त्या दालनात असणार नव्हता, हे कोणी बोलिले नाही, कारण ते सर्वांस ठाऊक होते. आणि त्याच बैठकीत गुरूंनी निरीक्षक म्हणून कलमबहाद्दर यांचे नाव पुकारिले, आणि सीमापार उष्णता हाच त्यांच्या निबंधाचा विषय मुक्रर जाहला, दाखल्यादाखल बोळातले दुकान.

कलमबहाद्दर विजयाची खबर घेऊन मागील दाराने बोळात आले. दुकानापुढे हातगाडी उभी होती. ताई आणि बुकबाईंडर झेरॉक्सचे यंत्र दोन टोकांस धरून गाडीवर चढवीत होते. कागदांचे गठ्ठे आधीच चढले होते आणि स्टूल उलटे करून वर बांधले होते. भाऊ धावून मदतीस गेला, परंतु दोन्ही टोके धरलेली होती, तिसरे टोक त्या यंत्रास नव्हते. मग तो बाजूस उभा राहून सांगू लागला की, ताई, जिंकलो, तह झाला, एकमताने झाला.

"म्हणजे बंद झालं?" ताईंनी यंत्र टेकवून विचारले.

"आज नाही गं. पण तत्त्वतः मान्य झालंय."

ताईंनी पदराने कपाळ पुसले आणि त्याच्याकडे पाहिले, लहानपणी तो शाळेतून कोरी पाटी घेऊन येई तेव्हा पाहत तैसे. "राजा, मला घेरी तत्त्वतः नव्हती रे आली," त्या म्हणाल्या. मग दोरीची गाठ आवळली, दुकानात राहिलेले चुकलेल्या प्रतींचे बाड आणावयास आत गेल्या, आणि जाता जाता सांगितले की नवी जागा लांब आहे, पण वारा येतो, जमेल तेव्हा जेवायला ये.

कलमबहाद्दर दालनात परतले. आत जल्लोष चालला होता, कोणी त्यांच्या गळ्यात हात घातला, कोणी ओळखपट्टीवर नाव कसे लिहिणार विचारिले, परंतु ते थेट जाऊन यंत्राखाली उभे राहिले. त्यांस स्वतःची लाज वाटत होती, दुसरे काही नाही. मग त्यांनी आतल्या खिशातून रिमोट काढिला आणि बटण दाबिले. यंत्र बंद पडले. पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. घरघर थांबली आणि दालनात ऐसी शांतता जाहली की मागल्या बोळात शटर खाली ओढल्याचा खडखडाट सर्वांनी ऐकिला.

"कोणी बंद केलं रे? तह लागू झालाय ना आता, सोळा म्हणजे सोळा," गारेगार म्हणाले, आणि काकूंनीही मान डोलाविली, आणि गुरूंनी चष्म्यावरून पाहिले. सर्व राष्ट्रे चिटणिसाकडे पाहू लागली. कलमबहाद्दर यांनी रिमोट हातात फिरविला आणि यंत्र पुन्हा चालू केले.

येणेप्रमाणे थंड दालनाची मोहीम फत्ते जाहली. तहनामा सर्वानुमते मंजूर, कोणाचीही हरकत नाही. बोळातील दुकानदारीणबाई पक्षकार नसल्याने त्यांची सही घेतली नाही. दुसऱ्या यंत्राच्या डब्यास जागा कोठे द्यावी हा प्रश्न हेडक्लार्कांनी एका ओळीत सोडविला की, बोळातील दुकान रिकामे जाहले असे कळते, सबब तेथे कोणास उपद्रव होणार नाही. डबा बसला. कलमबहाद्दर विमानाने परिषदेस गेले आणि त्यांच्या निबंधास उभे राहून टाळ्या मिळाल्या. ताईंकडे जेवावयास जाणे मात्र अद्याप घडलेले नाही, ते लवकरच घडेल, तत्त्वतः ठरले आहे.